पेंढ्याचं वासरू

दुधाच्या गाडीवाल्याने कॅनचं झाकण उघडलं, नाक खाली नेलं आणि झाकण परत लावून टाकलं. कॅन पायाने जरासा बाजूला सारला आणि पुढच्या घराकडे गाडी वळवली. या घरच्या दुधाला आजवर कोणी नाक लावलं नव्हतं, आणि आज शेजारपाजारच्यांदेखत कॅन फाटकात तसाच उभा राहिला. सासू त्याच्याकडे बघत राहिली. मग लेकाला म्हणाली, "ओत गटारात. आणि तांबडीला वेगळी बांध."

गोठ्यात दगडी शिरली होती. थंडी लांबली होती, जमीन वाळायचं नाव घेत नव्हती, आणि अशा ओलीत गाईंच्या कासा धरतात. कास तापते, दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात. घर सगळं दुधावर चाललेलं. लेक दिवसभर शेण ओढायचा, चुना टाकायचा, गरम पाण्यात फडकी पिळून कासेला लावायचा. त्याचे तळहात पांढरे पडून सोलले होते.

सासूच्या हाताला पान्हावली नाही अशी गाय आसपास कुठे नव्हती. एखादी अडून बसली की लोक तिला बोलवायला येत, आणि ती हातातलं काम टाकून जाई. गाईच्या पोटाला कपाळ लावून बसायची, काहीतरी पुटपुटायची, की धार सुरू. पहिली धार मात्र ती कधी भांड्यात घ्यायची नाही. ती काळ्या ताटलीवर मारायची, ताटली उजेडाला तिरकी धरायची आणि गाठ दिसते का बघायची. त्या ताटलीवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा पोटच्या पोरावरही नव्हता. पोरालाही हे ठाऊक होतं आणि त्याची काही तक्रार नव्हती.

तांबडीचं वासरू जन्मतःच गेलं होतं. वासरू गेलं की गाय दूध चढवून घेते, म्हणून सासूने त्याचं कातडं सोडवलं, वाळवलं, आत पेंढा भरला आणि स्वतःच्या हाताने शिवून त्याचं भोत केलं. धार काढायच्या वेळी ते तांबडीपुढे ठेवायचं. तांबडी त्याला चाटायची आणि दूध सोडायची. एवढी शहाणी गाय, पण तिला वास पुरत होता.

"आत काय आहे?" सुनेने तेव्हा विचारलं होतं.

"पेंढा."

"आणि वासरू?"

"पुरलं की. ठेवून काय करायचं?"

सून तेव्हा दिवस भरत आलेली, पोटावर हात ठेवून गोठ्याच्या दारात उभी होती. तिचा बाप बस चालवायचा. जनावरांची तिला सवय नव्हती, पण शिकायची हौस होती. तिने भोताच्या पोटावरून बोट फिरवलं. "टाका कुठे आहे ते कळतसुद्धा नाही," ती म्हणाली. सासूला ते कौतुक आवडलं. पुढे बरेच दिवस ती आल्यागेल्याला ते सांगत होती.

सून बाळंत झाली, मुलगी झाली. मुलगी सावळी, केसाळ, आवाजाची खणखणीत. सगळं नीट झालं असं सगळे म्हणाले. फक्त तिला तोंड नीट लावता येईना. टोकालाच धरायची, चावायची, सोडून द्यायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. सुनेच्या बोंडांना चिरा पडल्या. पाजायला घेतलं की ती उशीचा कोपरा दातात धरायची आणि तिच्या पायांची बोटं आवळली जायची. एकदा बाळाच्या ओठांना रक्त लागलेलं दिसलं, तेव्हा तिने बाळ खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

सासू उंबऱ्यात उभी राहून हे बघत होती. ती दुष्ट बाई नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, तिच्याशी निदान भांडता तरी आलं असतं. ती सुनेसाठी पाणी तापवायची, तिचे कपडे धुवायची, तिला गरम गरम जेवायला वाढायची आणि ताट रिकामं होईपर्यंत उठू द्यायची नाही. पण तिने उभ्या जन्मात बघितल्या होत्या त्या कासा, आणि सुनेकडेही ती त्याच नजरेने बघत होती.

"सारखी लुचू दिलीस तर भरणार कधी?" ती म्हणाली. "वासरू दावणीला वेगळं बांधतात ते उगीच? पोर माझ्या खोलीत राहू दे. भरलं की आणते."

"रडली तर?"

"रडेल. रडून कोणाचं काय बिघडलंय?"

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तो चुन्याची बादली घेऊन निघाला होता. "आईला कळतं त्यातलं," तो म्हणाला. "तू जरा झोप तरी घे." त्याला खरंच वाटलं की आपण बायकोच्या बाजूने बोललो.

बाळ पलीकडच्या खोलीत गेलं. सासू त्याला पांढरीचं दूध बोळ्याने पाजायची. पांढरी निरोगी होती, काळ्या ताटलीने तसा कौल दिला होता. इकडे सून भिंतीला कान लावून बसायची. बाळ रडलं की तिचे कपडे पुढून भिजायचे. ती उठून दाराशी जायची, तर सासू आतूनच म्हणायची, "अजून वेळ झाली नाही गं. पड जरा." मग कपडे वाळायचे आणि ताठ व्हायचे.

भिजणं थांबलं तेव्हा एका बाजूला गाठ आली. दुसऱ्या सकाळी ती बाजू लाल झाली, तापली, हात लावू देईना. अंगात थंडी भरली. सासूने हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ती स्वयंपाकघरात गेली आणि येताना काळी ताटली घेऊन आली.

"आई, नको," सून म्हणाली.

"बघू तरी दे. लाजायचं काय त्यात?"

तिने दाबलं. सुनेच्या घशातून आवाज निघाला. ताटलीवर थोडं पिवळट पाणी पडलं, त्यात एक गाठ. सासूने ताटली खिडकीपाशी नेली, तिरकी धरली. नवरा नेमका तेव्हाच दारात आला. बायको उघडी बसलेली, आई ताटली बघतेय, हे त्याने पाहिलं आणि तो खाली बघत मागच्या मागे निघून गेला. तो आत आला असता, एखादी चादर तिच्या खांद्यावर टाकली असती, तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं. पण गोठ्यात हे रोजचं होतं, आणि आपल्याला एवढं कसंनुसं का झालं हेच त्याला उमजेना.

बाळंतिणींना बघत गावोगाव फिरणारी नर्सबाई आली ती स्कूटरवरून, घाईघाईत, पण बघितलं तिने नीट. गोळ्या दिल्या. "गोळ्या चालू असताना पाजायचं," ती सासूला म्हणाली. "दुखलं तरी पाजायचं. बाळाला या गोळ्यांनी काही होत नाही. साचून राहिलं तर मात्र आत पू होईल. आणि बाळ हिच्याजवळ ठेवा, रात्रंदिवस." तिने सुनेला बाळ कसं धरायचं ते दाखवलं, खालचा ओठ बाहेर वळला पाहिजे, नुसतं टोक नको. बाळाने पहिल्यांदाच नीट धरलं. सून त्याच्याकडे बघत होती, पण दुसऱ्याचं काम बघावं तशी.

"झोप लागते का?" नर्सबाईने विचारलं. "नको नको ते मनात येतं का?"

"झोपते की," सासू म्हणाली. "दिवसभर पडूनच असते."

नर्सबाईने सासूकडे बघितलं, मग परत सुनेकडे. सुनेने मान हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही. जाताना फाटकात नर्सबाई नवऱ्याला म्हणाली, "गाठ औषधाने जाईल. तिच्या नजरेचं काय? एवढं दुखतंय आणि ती रडत नाही, हे मला आवडलं नाही. बाळंतपणात काहीजणींचं मन आजारी पडतं. त्यालाही डॉक्टर असतो, तोही औषध देतो. पुढच्या खेपेपर्यंत थांबू नका, तसं काही दिसलं तर लगेच निरोप द्या."

"हो हो," तो म्हणाला. "एवढं तांबडीचं निस्तरू दे."

नर्सबाईची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली आणि सासूने बाळ उचललं.

"ती पाजायला सांगून गेलीय ना?" लेकाने विचारलं.

"तिला काय जातंय सांगायला? तांबडीला सुई टोचली की दूध किती दिवस ओतून देतोस? गाडीवाला घेतो का ते? जे गाडीवाला घेत नाही ते मी माझ्या नातीला पाजू?"

दूध त्या घराने आयुष्यभर असंच ओळखलं होतं, आणि औषधाचं दूध भांड्यात येऊ देणं यापेक्षा मोठं पाप तिथे कोणाला माहीत नव्हतं. गोळ्या चालू राहिल्या आणि बाळाचं पाजणं पूर्ण बंद झालं.

साचू द्यायचं नाही हे सासूलाही पटत होतं. म्हणून ती सुनेला वाटी द्यायची आणि पिळून काढायला लावायची. निघेना, तेव्हा तिला सुचलं. तिने बाळाच्या अंगातलं झबलं काढून आणलं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं. "हे नाकाशी धर. वासाने पान्हा येतो." आणि खरंच आलं. वाटी भरली. सासूच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. तिने वाटी बाहेर नेली आणि गटारात ओतली, तांबडीचं ओततात तिथेच. सून खिडकीतून बघत होती. मग तिने मांडीवरच्या झबल्याकडे बघितलं, आणि बराच वेळ त्याच्यावरून नजर काढली नाही.

त्यानंतर ती बाळाबद्दल विचारेनाशी झाली. पलीकडे रडणं ऐकू आलं तरी दाराकडे जाईना. सासूला वाटलं, लागली एकदाची शिस्त.

एका दुपारी नवऱ्याला ती गोठ्यामागच्या हौदाशी दिसली. बाही वर न करता हात कोपरापर्यंत पाण्यात घातलेला.

"काय करतेस?"

"किती खोल आहे ते बघतेय."

"यात काय बुडणार? म्हैस घातली तरी पाठ वर राहील," तो हसून म्हणाला.

"म्हैस नाही," ती म्हणाली. हात बाहेर काढून घरात गेली. बाहीतून पाणी ठिबकत होतं, ते तिने झटकलंही नाही.

तो तिथेच उभा राहिला. मग त्याने माळ्यावरच्या फळ्या काढल्या आणि संध्याकाळ व्हायच्या आत हौद झाकून टाकला. आईने विचारलं तर म्हणाला, पाण्यात पाला पडतो. नर्सबाईला निरोप पाठवायचं त्याच्या मनात दहा वेळा आलं. पण निरोप पाठवायचा तर आईला सांगावं लागलं असतं की तू चुकतेस, आणि ते त्याने जन्मात केलं नव्हतं. उद्या बघू, असं म्हणून त्याने ते ढकललं.

त्या उद्याला जनावरांचा दलाल आला. तांबडीची कास कायमची गेली होती, दोन सड आटले होते. गाडीची मागची फळी खाली सोडली, तर तांबडी चढेना. दलालाने शेपटी पिरगाळली, लेकाने मागून खांदा लावला. तिने चारही पाय रोवले आणि फाटकातच शेण टाकलं.

"वासरू आधी चढवा हो," दलाल म्हणाला. "म्हणजे येते मागून."

"वासरू नाही तिला."

"मग ते काय टांगलंय?"

लेकाने खुंटीवरचं भोत काढून दिलं. दलालाने ते फळीवरून आत भिरकावलं. ते कुशीवर पडलं, एक पाय वर. तांबडीने मान लांब केली, हुंगलं, एक पाय फळीवर ठेवला, मग दुसरा. आत जाऊन ती ते चाटू लागली. दलालाने फळी वर केली आणि कडी लावली. "एवढं सोपं," तो म्हणाला.

खिडकीत सून उभी होती. झबलं तिच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू वाटी घेऊन सुनेच्या खोलीत गेली. सून खाटेवर नीट बसली होती, केस विंचरलेले. कितीतरी दिवसांत तिने केसांना फणी लावली नव्हती, म्हणून सासूला आधी बरंच वाटलं. मग तिला मांडीवरचं दिसलं. झबल्यात पेंढा भरला होता. बाह्या गच्च भरून टोकं दोऱ्याने बांधली होती. खालची बाजू शिवली होती, टाके बारीक, एकसारखे. गळ्यातून पेंढ्याच्या चार काड्या वर आल्या होत्या.

"हे काय गं?"

"बघत होते येतं का," सून म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "येतं की. तुमचं बरोबर होतं."

सासूने वाटी खाली ठेवली.

"फक्त एवढं सांगा," सून म्हणाली. "गेलं कधी? मी ओरडणार नाही. कुठे पुरलंत तेवढं सांगा."

सासूला आधी कळलं नाही. मग कळलं. ती तशीच पलीकडे धावली, झोपलेलं बाळ उचललं आणि आणून सुनेपुढे धरलं. "ही बघ. ही काय तुझ्यासमोर आहे. काहीही काय बोलतेस?"

सुनेने बाळाच्या पोटावर बोट ठेवलं. हलकेच दाबलं. मग बगलेपासून कमरेपर्यंत बोट फिरवलं, सावकाश.

"छान भरलंय," ती म्हणाली. "टाका कुठे आहे ते कळतसुद्धा नाही. तुमचा हात चांगला आहे, आई."

सासू बाळाला छातीशी घट्ट धरून मागे सरकली. या घरात काहीतरी भयंकर चाललं होतं आणि ते आपण आपल्या हाताने, वाटीवाटीने घडवलं, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. ती अंगणात आली आणि लेकाला हाक मारली. "नर्सबाईला कळव," ती म्हणाली. "आत्ता. आणि तिने काय सांगितलं होतं ते मी ऐकलं नाही, हेही सांग."

नर्सबाईने फोनवर मोठ्या दवाखान्यात घेऊन यायला सांगितलं, ती तिथे थांबणार होती. ताबडतोब निघा, तिला क्षणभरही एकटीला सोडू नका. गावात त्या वेळी गाडी होती ती फक्त दुधाची. कॅन न घेता गेलेला तोच गाडीवाला फाटकात आला. मागचे रिकामे कॅन एका कडेला लोटून त्याने जागा केली आणि फळी खाली सोडली.

सून फाटकापर्यंत आली. फळी दिसताच थांबली. तिने फाटकाचा खांब दोन्ही हातांनी धरला.

"आटले म्हणून ना?" ती म्हणाली.

"अगं, डॉक्टरकडे जायचंय," नवरा म्हणाला. "तुला बरं वाटत नाही म्हणून."

तिने खांब सोडला नाही. त्याने तिच्या खांद्याला हात लावला तर तिचं सगळं अंग ताठ झालं. तेव्हा त्याने आईच्या हातातलं बाळ घेतलं आणि फळीकडे वळला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जन्मभर गाई चढवलेल्या हाताला जे सुचतं ते त्याला सुचलं: बाळ आधी आत ठेवू, म्हणजे ती येईल मागून. सुनेने ते पाहिलं आणि तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो सासूने गोठ्यात ऐकला होता, माणसाचा कधी ऐकला नव्हता.

"थांब," सासू लेकाला म्हणाली. "तसं नाही. आण इकडे."

तिने बाळ घेतलं, सुनेपुढे आली. खांबावरचा एक हात हळूच सोडवला, मग दुसरा, आणि बाळ त्या हातांत ठेवलं. स्वतःचे हात मात्र खाली तसेच धरून ठेवले. "आत काय आहे ते तूच बघ. सोड सगळं. कपडे सोड."

सून बघत राहिली. मग तिने दुपटं सोडलं, लंगोट सोडला. गार वारा लागला तसं बाळ जागं झालं, लाल झालं, पाय झाडत किंचाळायला लागलं. सुनेचं बोट त्याच्या पोटावर फिरत होतं. आणि बाळाने धार सोडली. ती सुनेच्या मनगटावर पडली, कोपरापर्यंत गेली, तिथून खाली टपटपली.

सुनेचं बोट थांबलं.

"ओलं झालं," सून म्हणाली. "गरम आहे."

"असणारच," सासू म्हणाली. "भोत मुतत नाही, बाई."

गाडीवाल्याने तोंड फिरवलं. सुनेने हात नाकाशी नेला, हुंगला. तिच्या कपड्यांवर पुढून ओल पसरत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मग माझ्यापासून का नेलंत?"

"मला गाईंचं कळतं," सासू म्हणाली. "तुझं मला काही कळलं नाही. चुकले मी." मग तिने बाळाला दुपट्यात गुंडाळलं, ते सुनेच्या हातांतच ठेवलं, लेकाला खालून आधार धरायला सांगितलं आणि स्वतः आधी फळीवर पाय ठेवला. गुडघे धरत ती आत चढली आणि कॅनच्या कडेला, दुधाने चिकट झालेल्या पत्र्यावर बसली. "ये. बाळ तुझ्याकडेच राहू दे. मी पुढे बसलेय बघ."

सून फळीशी येऊन उभी राहिली. "परत आणणार ना?"

त्या फाटकातून असं चढून गेलेलं काही आजवर परत आलं नव्हतं. सासूला ते आठवलं, सुनेलाही आठवत होतं. "तुला सोडून मी उतरणार नाही," सासू म्हणाली. सुनेने एक पाय फळीवर ठेवला, मग दुसरा. नवरा मागून चढला आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बसला. फळी त्याने वर करू दिली नाही. "राहू दे उघडी," तो म्हणाला, "मी धरतो." गाडीवाल्याने मान हलवली.

गाडी निघाली. सासू बाळापर्यंत हात पोचेल एवढ्या अंतरावर बसली होती. बाळ चाचपडत छातीशी लागलं, आणि सून त्याच्याकडे बघत होती, पण तिचं बोट अजून दुपट्याच्या आत होतं. ते बगलेपासून कमरेपर्यंत जात होतं, परत वर येत होतं. सासूने त्या बोटावरून नजर हलवली नाही.

मागे गोठ्यात धारेची वेळ झाली होती. गाई हंबरायला लागल्या, एकीचं ऐकून दुसरी, आणि तो आवाज वळणापर्यंत येत राहिला. भरल्या कासेची एकही गाय सासूने आजवर ताटकळत ठेवली नव्हती. तिने मागे वळून पाहिलं नाही.